जमिनीच्या आधी दाखला

प्रश्न थोडक्यात: कांजूरमार्गला राहणाऱ्या एका आईचं पत्र आहे. नवरा खासगी कंपनीत ड्रायव्हर, त्या स्वतः घरून पोळीभाजीचे डबे देतात. दोघांचे मिळून महिन्याला पन्नास-पंचावन्न हजार येतात. मुलगी बारावी सायन्सला आहे, दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली. तिला डॉक्टर व्हायचंय. नात्यातल्या एका मुलाला डीम्ड (अभिमत विद्यापीठाच्या) कॉलेजात घातलं, त्याची वर्षाची फी पंचवीस लाखांच्या आसपास. तेव्हापासून सगळे म्हणतात, "कोटभर रुपये नसतील तर त्या वाटेला जाऊ नका." मिस्टर संगमेश्वरकडची जमीन विकायला निघालेत. मुलीला यातलं काहीच माहीत नाही. तिचा कुणबी म्हणून ओबीसीचा दाखला दहावीला असताना काढलाय, बाकी कागद झालेले नाहीत. त्या विचारतात, "फॉर्मच भरू नकोस, बी.एस्सी. कर, असं तिला आत्ताच सांगितलेलं बरं नाही का? उद्या नंबर लागला आणि पैशांपायी नाही म्हणावं लागलं, तर ती कायमची खचेल."

ताई,

पहाटे चारला उठून पोळ्या लाटताना डोक्यात हाच हिशोब चालू असतो, असं तुम्ही लिहिलंय. तुमच्या त्या हिशोबातला सगळ्यात मोठा आकडा दुसऱ्याच्या घरून आलाय. तो आधी बाजूला काढू या.

एमबीबीएसची डिग्री एकच, प्रवेश परीक्षाही एकच, नीट. पण आत शिरायची दारं वेगवेगळी आहेत आणि प्रत्येक दाराची फी वेगळी. पहिलं दार सरकारी आणि महापालिकेच्या कॉलेजांचं. मुंबईत जे.जे.चं ग्रँट, केईएमचं सेठ जी. एस., नायरचं टोपीवाला, सायनचं लोकमान्य टिळक, कूपरचं. इथे खुल्या वर्गाच्या मुलालासुद्धा वर्षाला साधारण सव्वा-दीड लाखाच्या घरात फी येते. दुसरं दार खासगी कॉलेजांचं. त्यांची फी राज्याचं शुल्क नियामक प्राधिकरण ठरवून देतं आणि ती वर्षाला सहा-सात लाखांपासून बारा-चौदा लाखांपर्यंत, काही ठिकाणी त्याहून वर जाते. तिसरं दार डीम्डचं, वीस लाखांच्या पुढचं. तुमच्या नात्यातला मुलगा या तिसऱ्या दाराने गेला. त्याच्या आईवडिलांनी ते विचार करूनच केलं असेल, त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. पण त्याची फी पाहून तुमच्या मुलीने पहिल्या दारापाशीही जाऊ नये, हे मला अजिबात पटत नाही.

आता नुसता अर्ज करायचा खर्च पाहू, कारण तुमचा प्रश्न फॉर्म भरण्याचाच आहे. २०२५ ला नीटच्या फॉर्मची फी खुल्या वर्गाला १७०० रुपये होती, ओबीसी आणि ईडब्ल्यूएसला (आर्थिक दुर्बल घटकाला) १६००, एससी-एसटी आणि दिव्यांगांना १०००. निकालानंतर दोन ठिकाणी नोंदणी करायची. एक देशपातळीवरची: सरकारी कॉलेजांतल्या १५ टक्के जागा केंद्राची एमसीसी, म्हणजे वैद्यकीय प्रवेशांची समिती, भरते. तिथे ओबीसी, एससी, एसटी मुलांना ५०० रुपये नोंदणी आणि ५००० रुपये अनामत भरावी लागते. खुल्या वर्गाला आणि ईडब्ल्यूएसला हेच १००० आणि १०,०००. जागा मिळाली नाही तर अनामत परत येते. दुसरी नोंदणी राज्याच्या सीईटी सेलची (प्रवेश परीक्षा कक्षाची), उरलेल्या ८५ टक्के जागांसाठी. तिचे साधारण हजार रुपये. म्हणजे तुमच्या घरातून खर्ची पडणारे तीन-सव्वातीन हजार आणि काही महिने अडकून राहणारे पाच हजार. त्यात दाखल्यांचे, झेरॉक्सचे, जाण्यायेण्याचे पैसे धरा. एवढ्यासाठी मुलीला आत्ता "नको" म्हणायचं कारण मला दिसत नाही.

डीम्डची नोंदणी मात्र वेगळी आहे. तिथे ५००० रुपये नोंदणी आणि तब्बल दोन लाख अनामत. जिथे फी परवडणारच नाही, तिथे "नाव तर घालून ठेवू" म्हणून हे पैसे अडकवू नका. क्लासमधलं कोणी कितीही आग्रह करो. अनामत परत मिळते हे खरं, पण कुठल्या फेरीत जागा मिळून सोडली तर जप्त होते, याचे नियम आहेत. ते दरवर्षीच्या माहितीपत्रकात असतात आणि नोंदणीआधी वाचायचे असतात.

पात्रतेबद्दल तुम्हाला भीती आहे, पण त्यात विशेष अडचण नाही. प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत १७ वर्षं पूर्ण हवीत, बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आणि इंग्रजी हवं, आणि पहिल्या तीन विषयांत मिळून खुल्या वर्गाला ५० टक्के, ओबीसी-एससी-एसटीला ४० टक्के. राज्याच्या जागांसाठी दहावी आणि बारावी महाराष्ट्रातून झालेली हवी आणि डोमिसाइल हवं. मराठी माध्यम कुठेच आडवं येत नाही. नीटची प्रश्नपत्रिका मराठीतूनही मिळते, मात्र भाषा फॉर्म भरतानाच निवडायची असते. माझं मत विचाराल तर तिने इंग्रजीच घ्यावी. अकरावी-बारावीची पुस्तकं तिने इंग्रजीतून वाचलीत, आता पेशींच्या भागांची मराठी नावं नव्याने पाठ करायला वेळ कुठे आहे? पण हे तिला विचारून ठरवा.

एका शब्दाने मात्र मुंबईतली पुष्कळ घरं फसलेली मी पाहिलीत. तो शब्द म्हणजे "पात्र". नीटमध्ये पात्र ठरणं आणि जागा मिळणं यांत फार अंतर आहे. २०२५ ला ७२० पैकी १४४ गुणांवर खुल्या वर्गाचं मूल पात्र ठरलं. तेवढ्या गुणांवर सरकारी कॉलेजची जागा मिळत नाही. पण निकालाच्या दुसऱ्या दिवशी फोन सुरू होतात, "अभिनंदन, तुमची मुलगी क्वालिफाय झाली, सीट पक्की करून देतो." ताई, अशी पक्की सीट कोणाच्याच हातात नसते. सगळे प्रवेश एमसीसी आणि सीईटी सेलच्या फेऱ्यांतूनच होतात, डीम्डचेसुद्धा. आणि डोनेशन घेणं हा महाराष्ट्रात १९८७ च्या कायद्याने गुन्हा आहे. असा फोन आला की ठेवून द्या.

गुणांकडेही बेताने पाहा. २०२४ ला ७२० पैकी ७२० मिळवणारी मुलं होती; २०२५ ला देशात पहिल्या आलेल्याला ६८६ मिळाले. म्हणजे शेजारच्या मुलाला दोन वर्षांपूर्वी अमुक गुणांवर सायन मिळालं, याला यंदा अर्थ नाही. रँक पाहायची. सीईटी सेल दरवर्षी कॉलेजवार निवडयाद्या जाहीर करतं. त्यात ओबीसीतून कुठल्या रँकपर्यंत जागा गेल्या ते दिसतं. मुलीला त्या याद्या उघडून बसू द्या. क्लासच्या जाहिरातींपेक्षा त्यातून जास्त कळेल.

आता ज्या गोष्टीला खरंच घाई आहे, तिच्याकडे येते. तुमच्या पत्रात जमिनीवर पंधरा ओळी आहेत आणि कागदांवर एक. ते उलटं करा.

मुलीचा जातीचा दाखला आहे, छान. पण प्रवेशाच्या वेळी नुसता दाखला पुरत नाही. जात वैधता प्रमाणपत्र लागतं, मुलं ज्याला "व्हॅलिडिटी" म्हणतात, आणि नॉन-क्रिमीलेअर, म्हणजे उत्पन्न मर्यादेत असल्याचा दाखला, लागतो. हे नॉन-क्रिमीलेअर प्रवेशाच्या पुढच्या ३१ मार्चपर्यंत वैध असायला हवं. केंद्राच्या १५ टक्क्यांसाठी ओबीसी प्रमाणपत्र केंद्राच्या नमुन्यातलं वेगळं काढावं लागतं. राज्याचं तिथे चालत नाही. यातलं नॉन-क्रिमीलेअर, उत्पन्नाचा दाखला, डोमिसाइल हे सेतू केंद्रातून किंवा "आपले सरकार" वेबसाइटवरून होऊन जातं. अडतं ते व्हॅलिडिटीवर.

माझ्या धाकट्या बहिणीच्या मुलीच्या वेळी मी हे जवळून पाहिलं. आम्ही सगळे निकालाकडे डोळे लावून बसलो होतो. निकाल चांगला लागला आणि मग कळलं, ओबीसीच्या व्हॅलिडिटीला १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो: वडिलांच्या बाजूच्या कोणाचा तरी, त्यात जात आणि गाव दोन्ही दिसायला हवं. भर पावसात मी आणि मेहुणे एसटीने गावच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत गेलो. गुरुजींनी लोखंडी कपाटातून जुनं जनरल रजिस्टर काढलं. कडा वाळवीने खाल्लेल्या, शाई तपकिरी झालेली. मेहुण्यांच्या वडिलांचं नाव सापडेना. शेवटी आडनावाच्या जागी नुसतं वडिलांचं नाव लिहिलेली एक ओळ सापडली, आणि जातीच्या रकान्यात "ति. कुणबी". मेहुणे म्हणाले, हे आपलं नव्हेच, आपल्या दाखल्यावर तर नुसतं कुणबी आहे. गुरुजींनीच समजावलं की तिलोरी कुणबी असंच आपल्या भागात लिहीत, त्याची काळजी करू नका. त्या ओळीचा उतारा घेऊन आम्ही आलो, पण अर्ज आत जाईपर्यंत पहिली फेरी संपली होती. नंतरच्या फेरीत तिला प्रवेश मिळाला, पण आधी मिळू शकणारं कॉलेज गेलं. त्या पोरीने वर्षभर केलेल्या अभ्यासापुढे आमचं काम होतं एका दिवसाचं, आणि ते आम्ही वेळेत केलं नाही. याचं मला आजही वाईट वाटतं.

म्हणून सांगते, निकालाची वाट पाहू नका. बारावी सायन्सच्या मुलांना कॉलेजमार्फत व्हॅलिडिटीचा अर्ज करता येतो. कॉलेजच्या ऑफिसातून सही-शिक्का घ्या, ऑनलाइन अर्ज भरा आणि ज्या जिल्ह्यातून दाखला निघाला त्या जिल्ह्याच्या पडताळणी समितीकडे कागद जाऊ द्या. तुमच्या बाबतीत ते बहुधा रत्नागिरी असेल. दाखल्यावर सही कुठल्या उपविभागाची आहे ते पाहा. नात्यात वडिलांकडच्या कोणाला, सख्ख्या काकाला किंवा चुलतभावंडाला, व्हॅलिडिटी मिळालेली असेल तर तिची प्रत जोडा, काम पुष्कळ सोपं होतं. काही वर्षी सरकारने प्रमाणपत्र नंतर द्यायला मुदत दिली, हे ऐकिवात येईल. त्या भरवशावर राहू नका.

या कागदांवर केवळ जागाच अवलंबून नाही, फीसुद्धा आहे, आणि हे तुम्हाला कोणीच सांगितलेलं दिसत नाही. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएसमधल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत हवं, आणि प्रवेश सरकारच्या केंद्रीय फेऱ्यांतून झालेला हवा. तुमचं उत्पन्न सहा-साडेसहा लाख होतं, म्हणजे तुम्ही यात बसता. सरकारीच नव्हे, फेरीतून मिळालेल्या खासगी कॉलेजच्या जागेलाही हे लागू आहे. डीम्डला नाही, संस्थेच्या कोट्यातल्या जागेलाही नाही. अर्ज महाडीबीटी या राज्य सरकारच्या वेबसाइटवर करायचा. त्यासाठी मुलीचं स्वतःचं, आधारला जोडलेलं बँक खातं आत्ताच उघडून ठेवा.

म्हणजे ज्या फीसाठी जमीन विकायला निघालात, ती कदाचित भरावीच लागणार नाही. उरेल काय? कॉलेजची इतर शुल्कं आणि अनामत, हॉस्टेल आणि मेस, पुस्तकं, एप्रन, स्टेथोस्कोप. पहिल्या वर्षी हाडांचा संच लागतो, "बोन सेट". तो बहुतेक मुलं सीनियरकडून घेतात आणि पुढच्या वर्षी ज्युनियरला देतात, पुस्तकांचंही तसंच. हे पैसे लागतात, दर महिन्याला लागतात, आणि साडेचार वर्षं लागतात. ते तुम्हाला जड जातील हे मी लपवत नाही. पण हे महिन्याच्या हिशोबात बसवायचे खर्च आहेत. कमी पडलं तर शैक्षणिक कर्ज आहे. साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जाला सरकारची पत-हमी योजना असल्याने घर-जमीन तारण ठेवावी लागत नाही. शेवटच्या वर्षभराच्या इंटर्नशिपला विद्यावेतनही मिळतं.

मिस्टरांना माझा एक निरोप द्या. सातबारावर किती जणांची नावं आहेत ते त्यांनी आधी पाहावं. कोकणातल्या बहुतेक जमिनी सामाईक, चुलते-आत्या-चुलतभाऊ सगळ्यांची संमती लागणाऱ्या. ती विक्री सहा महिन्यांत होत नाही, आणि मुलीच्या ॲडमिशनसाठी निघालेत हे कळलं की गिऱ्हाईक भाव पाडून मागतं. मुलीसाठी जमिनीवर पाणी सोडायला तयार असलेल्या बापाचं मन मोठं आहे, ते मला पत्रातून दिसलं. पण आत्ता त्यांनी तेवढीच सुट्टी काढून रत्नागिरीला समितीच्या कार्यालयात चौकशी करून यावं. मुलीला आज त्याचीच जास्त गरज आहे.

आणखी एका गोष्टीवर अडून बसू नका, ती म्हणजे मुंबई. "घरून जाऊन-येऊन करता आलं तरच" असं तुम्ही लिहिलंय. केईएम, सायन मिळालं तर आनंदच आहे, पण राज्यातली सगळी मुलं तीच पहिली भरतात. आपल्या भागातल्या मुलांना ७० टक्के जागा राखून ठेवायची पद्धत २०२० ला रद्द झाली, त्यामुळे आता तुमच्या मुलीला महाराष्ट्रातलं कुठलंही कॉलेज खुलं आहे. अलिबाग, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, सातारा इथे अलीकडच्या वर्षांत सरकारी कॉलेजं झाली. २०२४ ला तर अंबरनाथला सुरू झालं. रत्नागिरीत शिकली तर गावच्या घरापासून ती तुमच्यापेक्षा जवळ असेल! पसंतीक्रम भरताना मनापासून हवी ती कॉलेजं वर आणि खाली जिथे खरंच जाल तीच ठेवा. न जाण्याची कॉलेजं भरून पुढच्या फेरीत अडकलेली मुलं दरवर्षी असतात. सरकारी कॉलेजातून शिकल्यावर वर्षभराची शासकीय सेवा करावी लागते, तीही आधीच तिला माहीत असू द्या.

ज्या वाचकांची परिस्थिती वेगळी आहे त्यांच्यासाठी दोन ओळी. ओबीसी मुलग्यांना शिक्षण शुल्काच्या निम्म्याची सवलत आहे. खुल्या वर्गात उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीतून निम्मं शुल्क मिळतं. एससी-एसटीसाठी भारत सरकारची शिष्यवृत्ती आणि फ्रीशिप आहे. सगळ्यांचा अर्ज महाडीबीटीवर, आणि सगळ्यांना प्रवेश केंद्रीय फेरीतूनच हवा.

आता मुलीबद्दल. तिला खचण्यापासून वाचवायचं म्हणून तुम्ही तिच्यापासून लपवताय. पण दहा बाय बाराच्या खोलीत जमिनीची बोलणी लपतात का हो? तुम्ही लिहिलंय, हल्ली ती क्लासच्या जादा टेस्ट सिरीजचे पैसे मागत नाही. मला वाटतं तिला कळलंय, आणि ती गप्प राहून आपल्या परीने घराला मदत करतेय. एका संध्याकाळी तिला समोर बसवा आणि वरचे सगळे आकडे वहीत तिलाच लिहू द्या. सरकारी किंवा सवलतीत बसणारी जागा मिळाली तर आपण पाठीशी आहोत. डीम्ड झेपणार नाही. पुन्हा एक वर्ष द्यायचं झालं तर घरी बसून की क्लास लावून आणि किती पैशांत, हे तिघांनी मिळून परीक्षेआधी ठरवा. निकालाच्या दिवशी ठरवायला बसलात तर प्रत्येक जण रडवेला असेल. आणि नंबर नाहीच लागला तर बी.एस्सी. एवढाच रस्ता नाही. नीटच्या त्याच गुणांवर बीएएमएस, फिजिओथेरपी, दंतवैद्यकाच्या फेऱ्या होतात, नर्सिंगची सीईटी वेगळी असते. यातलं तिला काय आवडेल, हे कोणी अजून तिला विचारलंय का?

गणपती तोंडावर आलेत, तुम्ही गावी जाणारच असाल. सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी पोहोचा, म्हणजे शाळा उघडी मिळेल, आणि निघण्याआधी मुख्याध्यापकांना फोन करून ठेवा. सासऱ्यांचं पूर्ण नाव, त्यांच्या वडिलांचं नाव आणि अंदाजे जन्मसाल कागदावर लिहून न्या. सासरे शाळेत गेले नसतील तर त्यांच्या भावांची नावं न्या, कोणीतरी पहिलीत तरी बसलेलं असतंच. आणि शाळेत जाताना लेकीला बरोबर घ्या. तिचे डोळे तरुण आहेत, मोडीच्या वळणाचं ते जुनं अक्षर तिला तुमच्याआधी लागेल.